दम्याचा पंप, सीओपीडीची औषधं चालू आहेत? मग हाडांचंही एकदा विचारा

आमच्या दुकानात पंप, नेब्युलायझरची औषधं न्यायला, ऑक्सिजन मशीन भाड्यानं न्यायला लांबलांबनं लोक येतात. कोण उद्यमबागला फाउंड्रीत वाळूच्या धुळीत राबलेलं, कोण निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत, आणि खानापूर भागातल्या कितीतरी आज्ज्या ज्यांनी बिडीला हातसुद्धा लावला नाही पण जन्मभर चुलीचा धूर घेतला. सगळे दम लागतोय, खोकला जात नाही एवढंच सांगतात, हाडांचं कोणच विचारत नाही, आणि आम्हाला त्याचीच काळजी वाटते म्हणून हे पत्रक काढलंय.

दमा किंवा सीओपीडी (धूर-धुळीनं श्वासनळ्या कायमच्या आखडायचा आजार) असा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाची हाडं ठिसूळ व्हायची शक्यता जास्त असते. कारणं एकात एक अडकलेली आहेत बघा, दम लागतो म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून स्नायू आणि हाडं दोन्ही कमजोर, घरातच बसल्यामुळं ऊन नाही म्हणजे ड जीवनसत्त्व कमी, जेवण जात नाही म्हणून वजन उतरतं, त्यात बिडी-सिगरेट असेल तर ती हाडांनाही खाते, आणि आजाराची आतली सूज असते ती वेगळीच.

पण आमच्या काउंटरवरनं जे दिसतं ते स्टेरॉईडच्या गोळ्यांचं. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकॉर्ट यातलं नाव तुमच्या पाकिटावर असेल तर ती गोळी स्टेरॉईडची. दम वाढला की या गोळ्या जीव वाचवतात, त्यात शंका नाही. पण त्या नवीन हाड तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतात, आतड्यातनं कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतनं जास्त जातं. रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तीन महिने किंवा जास्त चालणार असेल तर हाडांचा विचार करायलाच लागतो, कारण झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जोरात होते. आणि "मी फक्त पाच दिवसच घेतो ओ" म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा, ४० मिलिग्रॅम पाच दिवस म्हणजे २००, पावसाळ्यात एकदा, थंडीत दोनदा, शिमग्याच्या धुळीत एकदा, झाले वर्षाचे ८०० मिलिग्रॅम, थोडं थोडं म्हणता बरंच होतं. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी परत मागितली तर आम्ही देत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा म्हणतो, राग धरू नका.

आता हे वाचून गोळी एकदम बंद मात्र करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉईड अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, डोस हळूहळू डॉक्टरच उतरवतात. पंपाचं वेगळं आहे, त्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, त्यामुळं हाडांना धोका गोळीपेक्षा खूप कमी. मोठा डोस वर्षानुवर्षं असेल तर डॉक्टरांना विचारा पण पंप सोडू नका, स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची नळी) लावा, घेतल्यावर चूळ भरा. आणि बाजारात नाव-गाव नसलेली दम्याची पुडी मिळते ती नकोच, असल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि किती खाल्लं ते कळायला मार्ग नाही.

ठिसूळपणा दुखत नाही, हीच अडचण. मणका दबला तरी लोक कंबर धरली म्हणून बाम लावून गप्प बसतात, आणि कधीकधी जोराच्या खोकल्यानंसुद्धा बरगडी मोडते. मणके दबले की पाठीला पोक येतो, छातीचा पिंजरा आखडतो, मग आधीच कमी असलेला श्वास आणखी कमी. घरी एक बघा, भिंतीला टाचा आणि पाठ लावून सरळ उभं राहा, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकत नसेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटीमीटर कमी भरत असेल, तर पाठीचा एक्सरे काढायचा का ते विचारा. हाडांची खरी तपासणी डेक्सा स्कॅन, त्यात टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली.

खाण्यात आपल्याकडं नाचणी आहेच, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दिवसाची गरज साधारण १०००. आंबील, भाकरी, वर दूध-ताक, तीळ. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्या, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुतेक आठवड्यातनं एकदाच असते, रोजची समजून घेऊ नका, आम्ही पाकिटावर वार लिहून देतो तो बघा. हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळीपण आठवड्याची, सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

ऑक्सिजन मशीन घरी असलेल्यांसाठी खास. ती लांब नळी जमिनीवर पसरलेली असते आणि रात्री लघवीला उठलेलं म्हातारं माणूस नेमकं त्यात पाय अडकून पडतं. ठिसूळ खुबा मोडला आणि दमेकऱ्याला ऑपरेशन म्हटलं की घरादाराची झोप उडते. नळी भिंतीच्या कडेनं न्या, वाटेत रात्रीचा दिवा ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा. मशीन बसवायला येणाऱ्या आमच्या पोराला सांगा, तो नळी नीट लावून देईल.

डॉक्टरांकडं जाताना वर्षात किती वेळा स्टेरॉईड झालं ते बऱ्याच जणांना सांगता येत नाही. जुनी बिलं, पाकिटं घेऊन या, आम्ही तारखेप्रमाणं यादी करून देतो, त्याचे पैसे नाहीत. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलंय, शेजारीपाजारी कुणाला लागत असेल तर न्या.