शैवालपट्ट्यांवरील मासेमारी

किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या शैवालाच्या लांबट पट्ट्यांभोवती जमणारे मासे गळाने वा जाळ्याने पकडण्याच्या पद्धती. फ्लोरिडा ते नॉर्थ कॅरोलायना या किनाऱ्यासमोर गल्फ प्रवाहाच्या कडेला आणि मेक्सिकोच्या आखातात ही मासेमारी रुळलेली आहे. तेथील पट्टे मुख्यतः सरगॅसम नातान्स व सरगॅसम फ्लुइटान्स या दोन तपकिरी जातींचे असतात. हवा भरलेल्या वाटाण्याएवढ्या फुग्यांमुळे त्या तरंगतात आणि तुकडे पडून वाढतात. तळाशी त्यांचा संबंध कधीच येत नाही. कोलंबसच्या तांड्याला सप्टेंबर १४९२ मध्ये हे शैवाल भेटले व त्यात एक जिवंत खेकडाही सापडला. ‘सरगॅसम’ हे नाव पोर्तुगीज ‘सरगासो’वरून आले. त्याचे मूळ एखाद्या द्राक्षाच्या नावात असल्याचे सांगतात. फुगे पाहता ही कल्पना सुचणे साहजिक आहे, पण व्युत्पत्ती अनिश्चित मानणेच बरे.

पट्टा कसा बनतो, यावर तो किती वेळ टिकणार हे ठरते. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना वाऱ्याच्या दिशेने लागलेल्या शैवालाच्या समांतर ओळी पाहिल्या आणि १९३८ मध्ये त्यांचा उलगडा प्रसिद्ध केला. वाऱ्यामुळे पाण्याच्या वरच्या थरात एकमेकांविरुद्ध फिरणारी वेटोळी तयार होतात. दोन वेटोळ्यांचे पाणी जिथे एकत्र येऊन खाली जाते, तिथे तरंगणारे सर्व काही रेषेत साचते. वारा फिरला की या ओळी थोड्याच वेळात विस्कटतात. दुसरा प्रकार दोन जलराशींच्या सीमेवरचा. इथे एका बाजूला निळे व दुसऱ्या बाजूला हिरवट पाणी दिसते, तापमानातही फरक असतो, आणि पट्टा मैलोन्‌मैल लांबतो. मासेमार दोन्हींना एकाच नावाने ओळखत असले, तरी अधिक भरवशाचा दुसराच.

मासे इथे का जमतात, याबद्दल मतभेद आहेत. हंटर व मिचेल यांनी १९६७ मध्ये मध्य अमेरिकेसमोरच्या तरंगत्या वस्तूंखालील माशांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून आसरा आणि अन्न ही दोन कारणे पुढे केली जातात. १९९० च्या दशकात आणखी दोन तर्क आले: तरंगता ओंडका हा समृद्ध पाण्याचा खुणेचा दगड असावा, किंवा विखुरलेल्या माशांना थवा जमवण्यासाठीचे ते भेटीचे ठिकाण असावे. भेटीच्या ठिकाणाचा तर्क कुपा (ट्यूना) माशांना बरा लागू पडतो. शैवालात तर आसरा व अन्न दोन्ही उघड दिसतात. हाताएवढी जुडी बादलीत झटकली, तरी कोळंबीची पिले, इवले खेकडे आणि शैवालाच्याच रंगाचा, हातासारख्या परांनी फांद्या धरून बसणारा हिस्ट्रिओ हिस्ट्रिओ मासा खाली पडू शकतो. इथे मिळणाऱ्या माहीमाही या माशाच्या पोटात शैवालाचे तुकडे सापडतात. ते भक्ष्याबरोबर गिळले गेले असावेत.

माहीमाही, शास्त्रीय नाव कोरिफिना हिप्पुरस, हाच इथला मुख्य मासा. फ्लोरिडात त्याला ‘डॉल्फिन’ म्हणतात आणि त्यावरून गैरसमज होतात. सस्तन डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही. तो काही महिन्यांतच वयात येतो, चार वर्षांपेक्षा जास्त क्वचित जगतो. चालत्या नावेमागे आमिष ओढत पट्ट्याच्या कडेकडेने जाणे ही रूढ रीत. नाव फार जवळ गेली तर गळाला शैवाल अडकते आणि तसल्या आमिषाकडे मासा ढुंकूनही पाहत नाही; दर वेळी दोर गुंडाळून गळ साफ करावा लागतो. थवा सापडला की नाव थांबवतात, माशांचे तुकडे टाकून त्याला खेळवतात आणि गळाला लागलेला एक मासा मुद्दाम पाण्यातच ठेवतात. तो दिसत असेतो बाकीचे सहसा हलत नाहीत; दुसरा लागला की पहिला वर घेतात. नावेत आल्यावर त्याचा सोनेरी-हिरवा रंग बघता बघता राखाडी होतो. वाहू व ट्रिपलटेल हे मासेही मिळतात.

जपानमध्ये ही मासेमारी खाण्यासाठी नव्हे, पालनासाठी होते. वसंतात वाहत्या शैवालाखाली जमलेली बुरी माशाची पिले, म्हणजे ‘मोजाको’, शैवालासकट जाळ्याने उचलतात आणि आकारानुसार वेगळी करतात, कारण मोठी पिले लहानांना खातात.

शैवाल नसेल तिथे माणसाने सावली तयार केली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक कवी ओपियन याने बोरूच्या जुड्या तरंगत ठेवून ‘हिप्पुरोस’ पकडण्याची रीत वर्णिली आहे. हा माहीमाहीच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. माल्टाचे ‘कन्निझाती’, फिलिपीन्सचे ‘पायाव’ व इंडोनेशियाचे ‘रुंपोन’ याच जातीचे तराफे.

२०११ पासून उष्ण कटिबंधीय अटलांटिकमध्ये सरगॅसमचा प्रचंड पट्टा जवळपास दरवर्षी दिसतो. जून २०१८ मध्ये तो सुमारे ८,८५० किमी. लांब होता. शैवाल इतके दाट झाले की गळ टाकायला मोकळी जागाच उरत नाही. याच शैवालात लॉगरहेड कासवांची पिले वाढतात, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेने अशा क्षेत्रांना महत्त्वपूर्ण अधिवास ठरवले.

मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर वाढणारे सरगॅसम वेगळ्या जातींचे, खडकाला चिकटलेले. ते उखडून पुळणीवर येते. भारतात या पद्धतीला जवळची मासेमारी लक्षद्वीपला आढळते, पण तिथे कुप्यांचा माग वाहत्या ओंडक्यांवरून काढतात.