पूर्वविकार व सैन्यभरती : कोल्हापूर विभाग

पूर्वी झालेला आजार, शस्त्रक्रिया किंवा दुखापत बरी झाल्यानंतर सैन्यदलात प्रवेश मिळविण्याचा उमेदवाराचा प्रयत्न, आणि त्याला लागू होणारे वैद्यकीय व कायदेशीर नियम. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आणि गोवा हे कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयाचे कार्यक्षेत्र आहे. ‘पूर्वविकार’ ही संज्ञा ग्रंथातली. भरतीच्या पोरांच्या तोंडी ती नसते. ‘ग्राउंड निघालं, पण मेडिकलमध्ये गेला’ असे ते म्हणतात, आणि या ‘गेला’चा अर्थ बाद झाला असा असतो. कशामुळे गेला, हे बोलण्यात सहसा स्पष्ट होत नाही. कान, गुडघा, डाग, ऑपरेशन अशा एका शब्दात विषय मिटतो. त्यामुळे आजची शारीरिक उणीव आणि जुन्या आजाराचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

या भागातील सैन्यभरतीची परंपरा कोठून मोजावी याविषयी मतभेद आहेत. एक मत ती मराठेशाहीतील पागा व शिलेदारी यांपर्यंत मागे नेते. हे मत लोकप्रिय आहे. परंतु शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई, आणि डॉक्टरने तपासून शिपाई घेण्याच्या पद्धतीशी त्या व्यवस्थेचे नाते जोडणे अवघड आहे. दुसरे मत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेपासून सुरुवात धरते. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ मध्ये उभी राहिली, हा या मताचा आधार. मात्र पुढचा काळ सलग नाही. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या देशी पलटणीने उठाव केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ठरावीक जातीच लढाऊ असतात असे मानणाऱ्या ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांतामुळे भरतीचा ओढा उत्तर हिंदुस्थानाकडे वळला आणि मराठा पलटणींचे महत्त्व घटले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर या पलटणींनी केलेल्या कामगिरीनंतर चित्र पालटले. राजर्षी शाहू महाराजांनीही त्या काळात सैन्यभरतीस उत्तेजन दिले. गावोगावच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाण्याची आजची रीत या कालखंडापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटण स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात विलीन होऊन १९ मराठा लाइट इन्फंट्री झाली. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावाच्या नावामागे ‘सैनिक’ हे विशेषण लागले आहे, ते या परंपरेमुळेच. प्रादेशिक सेनेची १०९ वी मराठा पलटण आजही कोल्हापुरातील टेंबलाई टेकडी परिसरात आहे.

निकषांचे स्वरूप : भारतीय सैन्यात शारीरिक योग्यतेचे वर्गीकरण ‘शेप’ या नावाने ओळखले जाते. मानसिक क्षमता, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले असून, नव्या भरतीला पाचही घटकांत पहिली श्रेणी, म्हणजे ‘शेप-वन’, आवश्यक असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्याने वापरलेल्या आणि नंतर ब्रिटिशांनी फेरफार करून स्वीकारलेल्या ‘पलहेम्स’ पद्धतीशी याचे साम्य उघड आहे. नोकरीत असलेल्या सैनिकाला खालची श्रेणी देऊन सांभाळून घेता येते. उमेदवाराच्या बाबतीत ती मुभा नाही. घरातला फौजी काका रक्तदाबाची गोळी घेऊन नोकरी करतो आणि पुतण्याला मात्र रक्तदाबावरून परत पाठवतात, याचे उत्तर येथे आहे.

पूर्वविकाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या निकषांत एकत्र नांदतात. पहिल्या दृष्टीने आजाराने मागे काय ठेवले हे तपासायचे, दुसऱ्या दृष्टीने आजार झाला होता एवढेच पुरेसे मानायचे. फुप्फुसाचा क्षयरोग पहिल्या गटात मोडतो. छातीच्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर किंवा त्याच्या आवरणावर डाग दिसत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. परंतु निदान व उपचार दोन वर्षांहून अधिक काळापूर्वी पूर्ण झाले असतील आणि लक्षणीय व्यंग उरले नसेल, तर अधिकारीपदाच्या प्रसिद्ध निकषांनुसार सीटी स्कॅन, दुर्बिणीतून श्वासनलिकेची तपासणी व रक्ताच्या चाचण्या करून उमेदवाराचा विचार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या गोळ्या संपवून धष्टपुष्ट झालेला मुलगा फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतो, तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका त्याला दिसतो किंवा दिसत नाही. रोग बरा झाला की नाही हा प्रश्न तेव्हा मागेच पडलेला असतो. वैद्यकशास्त्र त्या ठिपक्याला भरून आलेली जखम म्हणते, भरतीचे निकष त्याला डाग म्हणतात. दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत.

पोटाच्या शस्त्रक्रियाही याच गटात येतात. नेहमीच्या पद्धतीने पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सर्वसाधारणपणे एक वर्ष जावे लागते. व्रण नीट भरलेला असावा, त्या जागी हर्निया नसावा आणि मूळ आजार उलटण्याची शक्यता नसावी. दुर्बिणीतून पित्ताशय काढले असेल तर काही निकषांत आठ आठवडे पुरतात. अपेंडिक्स, हर्निया यांसाठीही मुदती आहेत व त्या सैन्यदलानुसार बदलतात. उमेदवाराने चालू जाहिरातीसोबतचे परिशिष्टच पाहावे, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीतल्या मास्तरांच्या पाठांतरावर राहू नये. दृष्टिदोषावरील लेसर शस्त्रक्रियेबाबत अधिकारीपदाच्या निकषांत अट अशी की ती वयाच्या वीस वर्षांनंतर झालेली असावी, तिला बारा महिने लोटलेले असावेत आणि उरलेला दोष एका नंबरपेक्षा अधिक नसावा. नसा फुगण्याच्या विकारात मात्र शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही, कारण ऑपरेशन केलेलेही अपात्रच धरले जातात. भरतीसाठी म्हणून पायाच्या नसांचे ऑपरेशन करून घेणाऱ्याचे पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जातात.

दुसऱ्या गटात अपस्मार, वारंवार उसळणारा दमा आणि मानसिक आजारांचा इतिहास येतो. अपस्माराचा निकष बारकाईने वाचण्यासारखा आहे. वयाच्या पाच वर्षांनंतर झटका आला असेल तर उमेदवार बाद होतो. तान्हेपणी तापात आलेली आकडी, मज्जासंस्थेत दोष मागे नसल्यास, तितकी गंभीर मानली जात नाही. दोन्हींना घरात एकच शब्द असतो. ‘लहानपणी फिट यायची’ हे आईचे वाक्य कोणत्या वयाविषयी आहे, यावर मुलाची भरती अवलंबून राहते. योग्यता आणि आकडी यांना मराठी बोलीत ‘फिट’ हा एकच शब्द असावा, हा योगायोग भरतीच्या संदर्भात अस्वस्थ करणारा आहे.

निव्वळ इतिहासावरून बाद करणे अन्यायाचे, असे एक मत मांडले जाते. त्याला उत्तर असे की अपस्मार व दमा हे विकार तपासणीच्या दिवशी शरीरात दिसतीलच असे नाही. उंची, थंडी, जागरण व धूळ यांत ते पुन्हा डोके वर काढतात, आणि बंदूक हातात असलेल्या माणसाचा झटका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. दुसरी बाजू वजनदार आहे. मात्र मानसिक आजारांबाबत सरसकट नकार दिल्याने उमेदवार इतिहास सांगण्याचेच टाळतात, ही तक्रारही निराधार म्हणता येत नाही.

तालीम, फुटबॉल व दुखापती : शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या आणि १९१२ च्या सुमारास बांधून झालेल्या खासबाग मैदानाने प्रतिष्ठा मिळवून दिलेल्या कुस्तीमुळे येथील उमेदवारांत काही व्यंगे विशेष आढळतात. लाल मातीत कान घासला, दाबला गेला की कूर्चा आणि तिचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते. रक्तपुरवठा तुटलेली कूर्चा मरते आणि कान कायमचा गाठाळ होतो. तालमीत हा मोडलेला कान पैलवानकीचा दाखला समजतात. वैद्यकीय निकषात, कर्णपाळीची विकृती गणवेश किंवा संरक्षक साहित्य घालण्यास अडथळा आणणारी असेल तर ती अपात्रतेचे कारण ठरते. ऐकू व्यवस्थित येते हा बचाव अशा वेळी पुरत नाही. वारंवार निखळणारा खांदा तर शस्त्रक्रिया करूनही चालत नाही. जुन्या वस्तादांनी बसवलेला खांदा किती वेळा निसटला, हे सहसा त्या मुलालाच ठाऊक असते.

पेठापेठांतील फुटबॉलने यात गुडघ्याची भर घातली. शाहू स्टेडियमवर सामने रंगतात तेव्हा ‘लिगामेंट गेले’ हे वाक्य नेहमीचे. गुडघ्यातील बंधाची पुनर्बांधणी केलेला खेळाडू वर्षभरात मैदानावर परततो, पण सैन्याच्या दारात त्याची गणना अपात्रांत होते. हाड मोडण्याच्या बाबतीत भंग सांध्यात होता की सांध्याबाहेर, आणि पट्टी-स्क्रू अजून आत आहेत की काढले, हे दोन प्रश्न निर्णायक असतात; आत राहिलेले धातूचे साहित्य सामान्यतः मान्य होत नाही.

सपाट पाऊल, जुळणारे गुडघे, नाकाचा वाकडा पडदा, कानातला मळ यांची धास्ती मुलांना याहून अधिक असते, पण हे पूर्वविकार नव्हेत. शहाबादी फरशीवर ओले पाऊल टेकवून ठसा पाहण्याची घरगुती चाचणी अकादम्यांत रोज चालते. ठशाच्या आतल्या बाजूला कमान कोरडी राहिली की मुलगा निर्धास्त होतो.

प्रक्रिया : चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ सैनिक घेणाऱ्या अग्निपथ योजनेत २०२२ मध्ये साडेसतरा ते एकवीस ही वयोमर्यादा ठरवण्यात आली (करोनाकाळात भरती बंद राहिल्याने पहिल्या वर्षी ती तेवीसपर्यंत शिथिल केली होती). २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग भरती मेळाव्यात १.६ किलोमीटर धावणे, बीम (पुल-अप), नऊ फुटी खड्डा व झिगझॅग, आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. म्हणजे ज्याचे बाद होणे जुन्या आजारामुळे अटळ आहे, त्याला ते सर्वांत शेवटी कळते. यावर सोपा उपाय आहे : धावायला लागण्याआधी सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयात छातीचे चित्र, कान व डोळे तपासून घ्यावेत आणि उपचारांचे कागद, विशेषतः डिस्चार्ज कार्ड, जपून ठेवावे. शस्त्रक्रियेची तारीख सिद्ध करणारा कागद नसेल तर मुदत पूर्ण झाल्याचे सांगून भागत नाही.

मेळाव्यात तात्पुरता अनफिट ठरलेल्यास लष्करी रुग्णालयातील तज्ज्ञाकडे फेरतपासणीची संधी मिळते. चिठ्ठीवर रुग्णालयाचे नाव व मुदत असते आणि ती पाळली नाही तर हक्क संपतो. अधिकारी प्रवेशात ही रचना अधिक तपशीलवार आहे : विशेष वैद्यकीय मंडळानंतर ४२ दिवसांच्या आत अपील मंडळ, आणि त्यावर पुनर्विचार मंडळ. पुनर्विचार मंडळ हा हक्क नसून सवलत आहे.

लपवणे व त्याचे परिणाम : ‘सांगू नको, कोण बघतंय’ हा सल्ला तालीम, अकादमी आणि नातेवाईक तिन्हीकडून मिळतो. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४४ नुसार भरतीच्या विहित नमुन्यातील प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे उघड झाल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. प्रत्यक्षात जुना विकार प्रशिक्षणात उलटला की अशा मुलाला बहुधा घरी पाठवले जाते.

गुंतागुंतीचा भाग अपंगत्व निवृत्तिवेतनाचा आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे ठरवले की भरतीच्या वेळी कागदोपत्री विकाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे, आणि पुढे बिघडलेली प्रकृती सेवेमुळे बिघडली असे मानावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. त्या प्रकरणातला विकार अपस्मारच होता. हा निर्णय प्रामाणिक सैनिकाच्या संरक्षणासाठी आहे, पण लपवलेल्या आजारालाही त्याची सावली मिळते असा आक्षेप घेतला जातो. २०१९ मधील एका निर्णयात त्याच न्यायालयाने, काही मानसिक विकार भरतीच्या तपासणीत ओळखू येणेच शक्य नसते, म्हणून नोंद नसणे एवढ्यावरून गृहीतक लावता येणार नाही, अशी भूमिका घेतली. दोन्ही निर्णय परस्परविरोधी मानण्याऐवजी दुसरा पहिल्याची मर्यादा सांगतो असे वाचणे योग्य ठरेल.

अग्निवीरांना निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेने वाढलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ व ५० टक्के या प्रमाणांनुसार ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे. ‘सेवेमुळे’ या अटीमुळे भरतीच्या दिवशी फॉर्मवर काय लिहिले होते, हे चार वर्षांच्या नोकरीतही पुन्हा उकरले जाऊ शकते.