गडचिरोलीतले यूएपीए खटले : सँक्शनचा घोळ आणि गावातला पंच

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा एक जुना, मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. ते फोटो सगळ्यांनी पाहिले. पण यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली गेल्या वीस वर्षांत दाखल झालेल्या खटल्यांचा हिशेब त्या फोटोंनी मिटत नाही. हे खटले विशेष न्यायालयाऐवजी साध्या सत्र न्यायालयात चालवण्यात जोखीम काय, याची चर्चा बहुधा मुंबई-दिल्लीच्या बॉम्बस्फोटांवरून होते. आमच्याकडची जोखीम वेगळी आहे, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून माओवाद्यांची पहिली दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, सिरोंच्यात आली. त्यानंतर आलेल्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात १९८७ पासून पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे. टाडा मे १९९५ मध्ये संपला. २००२ च्या 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्यातही अशा कबुलीची सोय होती. तो २००४ मध्ये रद्द झाला आणि दहशतवादाचं प्रकरण १९६७ च्या जुन्या यूएपीएमध्ये घातलं गेलं. पोलिसांपुढच्या कबुलीचं कलम मात्र तिकडे आलं नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या मकोका कायद्यात ते आजही आहे.

हा बदल चांगलाच झाला, असं माझं मत आहे. मारून घेतलेल्या कबुलीवर माणसाला आयुष्यभर आत ठेवणं हा न्याय नव्हे. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. कबुली गेली आणि खटल्याचा सगळा भार पंचनाम्यावर आला. म्हणजे गावातल्या पंचावर आला.

धानोऱ्याकडचा असा एक पंच मी कोर्टात जवळून पाहिला आहे. पेशीच्या आदल्या संध्याकाळी एसटीने येऊन तो रात्रभर बसस्टँडवर झोपला होता. अंगात घडी न मोडलेला पांढरा शर्ट, हातात समन्सचा घामाने मऊ झालेला कागद. पंचनामा मराठीत आणि हा बोलणारा माडिया. दुभाषी मिळेपर्यंत दुपार झाली. सरकारी वकिलांनी सही दाखवली तेव्हा तो म्हणाला, "सही माझी आहे. कागद कोणी वाचून नाही दाखवला." पाच मिनिटांत तो फितूर जाहीर झाला. तो खोटं बोलला की पंचनामाच खोटा होता, हे त्या खोलीत कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. त्याला मात्र शेवटच्या गाडीने गावी परतायचं होतं, आणि आमच्या भागात 'खबऱ्या' म्हणून चिठ्ठी ठेवून मारलेल्यांच्या बायका आजही मजुरीला जातात. यूएपीएच्या ४४व्या कलमात साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची सोय आहे. चाळीस घरांच्या टोल्यावरून एक माणूस दोन दिवस गायब झाला, तर तो कुठे गेला हे सांगावं लागत नाही.

आता सँक्शन, म्हणजे खटला चालवायला लागणारी सरकारची मंजुरी. या एका शब्दावर गडचिरोलीचा सगळ्यात गाजलेला खटला दहा वर्षं हेलकावत राहिला. कायद्याच्या ४५व्या कलमानुसार सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. टाडातही १९९३ च्या दुरुस्तीने पोलीस महानिरीक्षक किंवा आयुक्ताची मंजुरी लागू झाली होती, पण ती पोलीस खात्यातलीच. २००८ नंतर यूएपीएत स्वतंत्र अधिकाऱ्याने आधी पुरावा तपासायचा, सात कामकाजी दिवसांत शिफारस करायची आणि पुढच्या सात दिवसांत सरकारने निर्णय द्यायचा, असं ठरलं. कायदा इतका कडक, जामीन इतका दुर्मीळ, म्हणून खटला उभा राहण्याआधी एका त्रयस्थाने कागद वाचावेत, एवढाच त्यामागचा विचार.

माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपाच्या त्या खटल्यात सहा आरोपी होते, त्यांत दिल्लीचा एक दिव्यांग प्राध्यापक, जी. एन. साईबाबा. २१ फेब्रुवारी २०१५ ला दोषारोप निश्चित झाले. प्राध्यापकासाठीची मंजुरी आली ६ एप्रिलला, म्हणजे खटला सुरू झाल्यावर. इतर पाच जणांची मंजुरी वेळेत होती, पण शिफारशीच्या पत्रात कारणंच नव्हती. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीत पाच जणांना जन्मठेप आणि एकाला दहा वर्षं झाली. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने मंजुरीच्याच मुद्द्यावर सगळ्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्थगित केला आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण परत पाठवलं. ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवलं. या वेळी मंजुरीबरोबर जप्तीही सिद्ध झाली नाही, असं म्हटलं. सहापैकी एक आदिवासी तरुण तोवर तुरुंगातच वारला होता. प्राध्यापक सुटल्यावर सात महिन्यांत गेला.

याला बरेच जण 'तांत्रिक कारणावर सुटले' म्हणतात. मला तो शब्दच मान्य नाही. कागद आधी वाचा, मग माणसाला आत ठेवा, यात तांत्रिक काय आहे? आणि आरोप खरेच होते हे शासनाचं म्हणणं खरं धरलं, तर मग आधी केलेली ही हयगय आणखी अक्षम्य ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वेगळ्या राज्यातल्या प्रकरणात, ही सात-सात दिवसांची मुदत काटेकोर पाळलीच पाहिजे असं सांगितलं.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकालाही असंच घडलं. २०१५ च्या बकरी ईदला पुसदमध्ये पोलिसांवर चाकूहल्ला झाला आणि तिघांवर दहशतवादाचं कलम लागलं. २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही त्या आरोपातून मुक्त केलं. हल्ल्याची शिक्षा एकाला झाली, ती तोवर भोगूनही झाली होती.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन घटनांत ४८ पोलीस मारले गेले. त्यातले कित्येक इथल्याच गावांतले, गोंड-माडिया घरांतले. त्यांच्या आईबापांना सूड नको, टिकणारा निकाल हवा. वरच्या कोर्टात ढासळणारी जन्मठेप त्यांच्याही पदरात काही टाकत नाही. न्यायालय साधं की विशेष, हा प्रश्न इथे दुय्यम होतो. खटला ढासळतो तो पोलीस ठाण्यात आणि मंत्रालयात, कोर्टात पोचण्याच्या कितीतरी आधी.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या पुढच्या खटल्यांत ते चित्रीकरण कोर्टात चालेल. पंचनामा पंचाला माडियात समजावून सांगितला होता का, हे त्यात ऐकू येईल.