हाताला कळणारी नोट: स्पर्शज्ञानाचा इतिहास आणि चार मिलिमीटरचा प्रश्न

नव्या नोटा हाताला ओळखू येत नाहीत, ही अंध माणसांची तक्रार २०१६ पासून सुरू आहे. देशात नोटांचे छापखाने चार, त्यांतला नाशिकरोडचा १९२८ पासून नोटा छापतो आहे. पण त्याच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरही हीच तक्रार ऐकू येते. डोळसांना ती किरकोळ वाटते, कारण हात वस्तू कशी ओळखतो याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

विचार मात्र फार जुना आहे. न्यायसूत्रे या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या ग्रंथात तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच त्यावर आहे: डोळ्यांनी पाहिलेली वस्तू हाताने ‘तीच ही’ म्हणून ओळखता येते, तेव्हा दोन्ही ज्ञानांचा धनी इंद्रियांपलीकडचा कुणीतरी एक असला पाहिजे. युरोपात १६८८ मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने विचारला गेला. जन्मांधाला घन आणि गोल हाताने ओळखता येतात. त्याला दृष्टी आली तर नुसते पाहून ओळखता येतील का? याचे नीट तपासलेले उत्तर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही दिल्लीत शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या मुलांकडून. सुरुवातीला त्यांना ते जमले नाही, थोड्या सरावाने जमू लागले.

स्पर्शाचे मोजमाप सुरू झाले १८३४ मध्ये. एका जर्मन शरीरशास्त्रज्ञाने कंपासची दोन टोके त्वचेवर टेकवली आणि ती वेगळी कधी जाणवतात ते पाहिले. बोटाच्या टोकावर दोन मिलिमीटरचे अंतर पुरते, पाठीवर तेच चार सेंटिमीटरच्या आसपास लागते. त्याचा दुसरा निष्कर्ष पुढच्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचा आहे. फरक जाणवतो तो प्रमाणात. हातातल्या छटाकभर वजनात तोळाभर वाढले तर कळते, पाच किलोत कळत नाही.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक प्रयोग स्थिर हातावर झाले. हात टेबलावर ठेवायचा आणि प्रयोग करणाऱ्याने त्याला टोचायचे, दाबायचे. १९६२ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बिस्किटांचे साचे घेतले. साचा तळहातावर नुसता दाबला तेव्हा निम्म्याच्या आसपास उत्तरे बरोबर आली. बोटे स्वतः फिरवू दिली तेव्हा ९५ टक्के. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. १९८५ मध्ये डोळे बांधलेल्या माणसांच्या हाती रोजच्या शंभर वस्तू दिल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्या ओळखल्या गेल्या, बहुतेक पाच सेकंदांच्या आत. दोनच वर्षांनी हाताच्या ठरावीक हालचालींची वर्गवारी झाली: पोत पाहायचा तर घासणे, कठीणपणासाठी दाबणे, वजनासाठी तोलणे, आकारासाठी मुठीत घेणे किंवा कडेवरून बोट फिरवणे. येवल्यात पैठणीचा पदर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळणारी बाई, लासलगावात कांद्याची मान दाबून पाहणारा व्यापारी हेच करत असतात.

तळहाताच्या बाजूने एका हातात स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात, हे १९७९ पर्यंत मोजून झाले होते. त्वचेवरचा दाब विद्युतसंदेशात बदलणारी प्रथिने २०१० मध्ये सापडली आणि त्या शोधाला २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता नोटा. १९९६ च्या मालिकेत अंधांसाठी उठावाच्या खुणा आल्या: २० वर उभा आयत, ५० वर चौकोन, १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ. शाई जाड बसून बोटाला लागावी अशा छपाईने त्या केलेल्या असतात. २०१५ मध्ये मोठ्या नोटांच्या कडांना तिरक्या रेघाही आल्या. कल्पना चांगलीच होती, पण कोरी नोट फार दिवस कोरी राहत नाही. घाम, घड्या, भाजीबाजारातला ओलावा यांनी उठाव चेपला जातो. मग हाताशी उरतो तो आकार.

जुन्या नोटांत आकार साथ द्यायचा. १० आणि २० ची रुंदी ६३ मिलिमीटर, ५० पासून पुढे ७३. लांबी १०० ची १५७, ५०० ची १६७, हजाराची १७७. पायरी सरळ दहा मिलिमीटरची. नाशिकरोडला अगरबत्ती विकणारे माझ्या ओळखीचे एक अंध काका नोट मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाकडे पसरतात आणि दुसरे टोक कुठल्या पेरावर येते ते अंगठ्याने पाहतात. गिऱ्हाइकाला कळतही नाही इतके ते झटकन होते.

नव्या मालिकेत १०० ची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. तिघींची रुंदी एकच, ६६. म्हणजे फरक चारचा. प्रमाण काढले तर पूर्वी १०० आणि ५०० मधला फरक सहा टक्क्यांच्या वर होता, आता शेजारच्या दोन नोटांत तो तीन टक्क्यांच्या आत आहे. १८३४ पासून माहीत असलेला नियम इथे कुणी विचारात घेतला असेल, असे मला वाटत नाही. लहान नोटेला कागद कमी लागतो, ती पाकिटात नीट बसते, हे फायदे खरेच आहेत. ते डोळसांना मिळाले आणि किंमत दुसऱ्यांनी मोजली.

त्यात जुन्या नोटा बाद झाल्या त्या फक्त ५०० आणि हजाराच्या. जुनी १०० ची नोट अजून चालते, आणि ती नव्या ५०० पेक्षा सात मिलिमीटर लांब आहे. जुनी २० ची १४७ बाय ६३, नवी २०० ची १४६ बाय ६६. घाईच्या वेळी या दोन नोटा बोटांनी वेगळ्या करून पाहा, म्हणजे काकांचा राग कळेल. नव्या १०, २०, ५० वर तर उठावाची खूणच नाही. ती सोय १०० आणि पुढच्या नोटांनाच आहे.

अंधांच्या एका जुन्या संस्थेने या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१९ च्या सुनावणीत न्यायालयाने विचारले, नोटांचे आकार वारंवार का बदलता? १ जानेवारी २०२० ला मध्यवर्ती बँकेने मोबाईल ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवते, इंटरनेट लागत नाही. उपयोगी आहे, पण त्याला फोन हवा, प्रकाश हवा, आणि समोरचा माणूस थांबायला हवा.

नाण्यांच्या बाबतीत मात्र वेगळा विचार झाला. २०१९ च्या मालिकेत नाण्यांचा आकार १० रुपयांपर्यंत किमतीबरोबर वाढत जातो आणि २० रुपयांच्या नाण्याला बारा कोन आहेत, कडेला दातेही नाहीत. काका ते गल्ल्यात हात घालताच ओळखतात. नोटांसाठी त्यांची मागणी साधी आहे: पुढची मालिका आखताना दहाची पायरी परत आणा, आणि नमुना आधी अंधांच्या हातात द्या, कोरा नव्हे तर वापरून मऊ पडलेला.