माहिती अधिकार अर्ज (महाराष्ट्र)

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार सरकारी दप्तरातील नोंदी पाहण्यासाठी किंवा त्यांच्या प्रती मिळवण्यासाठी नागरिकाने करायचा लेखी अर्ज. हा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 2002 चा होता, गोव्याचा त्याहून जुना, 1997 चा. वृत्तपत्रस्वातंत्र्य राज्यघटनेत वेगळे लिहिलेले नाही. ते आणि जाणून घेण्याचा हक्क, दोन्ही अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच आले आहेत. म्हणून या कायद्यापुढे पत्रकार आणि शेतकरी सारखेच. पत्रकारानेही अर्ज स्वतःच्या नावाने करावा, दैनिकाच्या नावाने केलेला अर्ज ‘अर्जदार नागरिक नाही’ म्हणून परत येऊ शकतो.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करतात. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

बहुतेक अर्ज फसतात ते प्रश्नापाशी. ‘आमचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ असे विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते, कारण कायद्याने मिळते ती अभिलेखात, म्हणजे दप्तरातील नोंदींत, असलेली माहिती. तोच अर्ज असा लिहावा: ‘अमुक रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अंतिम देयक यांच्या प्रती.’ मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी लिहिलेली असते. अंदाजपत्रकातल्या जाडीशी ती ताडून पाहिली की प्रश्नाचे उत्तर बरेचदा तिथेच सापडते. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात, त्यामुळे कागद फार असतील तर आधी पाहणी मागावी. 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात.

उत्तराची मुदत 30 दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर 30 दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. आयोगाकडे मात्र दुसरी अपिले तुंबतात आणि दंडाची भीती तिथेच विरते.

‘माहिती कशाला हवी?’ हा प्रश्न कायद्याने बाद केला आहे, तरी तो खिडकीवर आणि गावातही विचारला जातो. अर्जदाराकडे खंडणीखोर म्हणून पाहण्याची सवय घातक आहे, कारण धोका पत्करणारा माणूस त्यामुळे एकटा पडतो. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उघड करणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी 2010 मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंदावला आहे. त्या कारणाने नकार आला, तर अपिलात कलम 8(2) चा आधार घ्यावा आणि माहिती उघड करण्यात कोणते सार्वजनिक हित आहे ते नेमकेपणाने लिहावे.