समाजमाध्यमांतून लोकसहभाग (कोल्हापूर)

व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवरून सार्वजनिक कामासाठी लोकांना हाक देणे, कामाची वाटणी करणे आणि झालेल्या कामाचा व पैशाचा हिशेब तिथेच मांडणे, अशी ही पद्धत. कोल्हापुरात ती मुख्यतः पूरमदत, रंकाळा तलाव व पंचगंगा नदीची स्वच्छता आणि गणेशोत्सवातील मूर्तिदान या कामांत दिसते.

इथे ती रुजली ती तालमी (पेठापेठांतले कुस्तीचे आखाडे) आणि तरुण मंडळांच्या जोरावर. मिरवणूक असो, मोर्चा असो वा कुणाच्या घरची अडचण, पेठेतली माणसे तासाभरात गोळा करण्याची सवय तालमीला मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आहे. व्हॉट्सॲपने निरोप झटपट पोहोचू लागला. खराटा घेऊन येणारा गडी मात्र अजूनही मंडळाचाच असतो. २०२२ पासून एका ग्रुपमध्ये १,०२४ जण घेता येतात, तरी एकमेकांना ओळखणाऱ्या गल्लीतल्या लहान ग्रुपवर काम लवकर उभे राहते. मोठ्या ग्रुपवर अंगठे जास्त, हात कमी.

या पद्धतीची खरी परीक्षा पुरात झाली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे शहरात पोराटोरांनाही पाठ असतात आणि ‘आत्ता किती झाली?’ हा ग्रुपवरचा नेहमीचा प्रश्न. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. अशा वेळी कुठे बोट हवी, कुठे औषध, कुठल्या शाळेत किती माणसे उतरली आहेत, हे निरोप फोनवरून फिरतात.

त्यातला उपयोगी निरोप कसा असतो, हे पाहण्यासारखे आहे: ‘आज, सायंकाळी ५ पर्यंत. जेवण पुरेसे आहे, आणू नका. जुने कपडे नकोत. खराटे, फिनेल, सॅनिटरी नॅपकिन पाहिजेत. सामान शाळेच्या मागच्या गेटला द्या.’ यातले ‘नको’ हे ‘पाहिजे’इतकेच महत्त्वाचे, नाहीतर एका छावणीत भाकरीचे ढीग आणि दुसरीकडे उपास. तारीख-वेळ नसलेला निरोप गरज संपल्यावरही भटकत राहतो. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तरी ‘धरण फुटले’ छापाची आवई उठायची ती उठतेच. जिल्हा प्रशासनाचा आकडा बघूनच पुढे पाठवणारा ॲडमिन अशा वेळी सोन्याहून पिवळा.

गणेशोत्सवात काम वेगळ्या चालीने होते. इराणी खणीतले (जुन्या दगडखाणीच्या तळ्यातले) विसर्जन, निर्माल्य वेगळे देणे, काहिलीत (उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत) किंवा कुंडात मूर्ती बुडवून ती दान करणे, याचा प्रचार रील आणि स्टेटसमधून होतो. गुळाची काहिल विसर्जनाला वापरण्याची युक्ती उसाच्या जिल्ह्यालाच सुचावी!

दबाव आणणे आणि काम करणे यांत फरक करावा लागतो. २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेल्यावर फोनवरून पेटलेली मोहीम थेट पदयात्रेपर्यंत गेली. संतापावर माणसे जमतात तशी दर रविवारी केंदाळ (जलपर्णी) काढायला जमत नाहीत. आधीचा आणि नंतरचा फोटो टाकून पुढच्या रविवारची वेळ त्याच संदेशात देणारे गट बऱ्यापैकी टिकतात.

पैशाचा व्यवहार हे नाजूक अंग. क्यूआर कोड टाकला की वर्गणी येते. पण सार्वजनिक वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, हे उत्साहात विसरले जाते. पावत्यांचे फोटो त्याच ग्रुपवर टाकणाऱ्या मंडळाला पुढच्या वेळी मागावे लागत नाही.

पुराच्या ऐन भरात वीज जाते, फोन मरतात. चिखली, आंबेवाडीसारख्या पाणी लवकर शिरणाऱ्या गावांत म्हणून आजही घरोघरी जाऊन आणि भोंग्यावरून लोकांना बाहेर पडायला सांगावे लागते.