हँडल उंच करायचं की जवळ घ्यायचं?

लातूरहून नांदेडला दुचाकीवर निघालेला माणूस अहमदपूरच्या फाट्यावर थांबून खांदे चोळायला लागला की शेजारचा हमखास सांगतो, "हँडलला रायझर टाक." मान आखडली तरी हाच सल्ला, मनगट दुखलं तरी हाच. रायझर म्हणजे हँडल आणि त्याच्या खालची टी (पुढच्या शॉकअपच्या नळ्या वरून धरणारी पट्टी) यांच्यामध्ये बसवायचा धातूचा ठोकळा. तो हँडल वर उचलतो, हे त्याचं काम. पण खांदे दुखणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं हँडल खाली नसतंच, लांब असतं. खाली असणं आणि लांब असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. गाडीवर बसल्यावर दोन्हींत आपण पुढे वाकतो, म्हणून ती सारखी वाटतात.

हँडल लांब पडतं तेव्हा कोपरं सरळ होतात. सरळ हात खड्ड्याचा धक्का गिळू शकत नाही, तो थेट खांद्यात जातो. खांद्यामागच्या दोन सपाट हाडांच्या मधोमध जळजळ सुरू होते आणि माणूस नकळत सरकत सरकत टाकीला भिडतो. दर पाच-दहा मिनिटांनी मागे सरकून बसावं लागत असेल तर ही खूण पक्की धरा. (सीट पुढे उतरती असली तरी असंच होतं, ते आधी तपासा.)

हँडल खाली असतं तेव्हा कोपरात बाक असतो, हात सैलही असतात, पण धडाचा भार तळव्यांवर येतो. रस्ता दिसावा म्हणून मान वर ताणलेली राहते, म्हणून दुखणं मानेत, कंबरेत आणि तळव्यात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण त्या दोन बोटांची नस तळव्याच्या करंगळीकडच्या कडेनं जाते आणि भार तिथंच पडतो. अंगठा आणि त्याच्या लगतची दोन बोटं बधिर होत असतील तर मात्र हँडलच्या आधी क्लच-ब्रेकच्या दांड्यांकडे बघा. दांडी फार वर किंवा फार खाली असली की मनगट तासन्‌तास मोडलेलं राहतं. दांडीचा क्लॅम्प सैल करून, कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा येईल असा फिरवला की काम होतं. पैसे लागत नाहीत. पुढच्या डिस्क ब्रेकचं तेलाचं भांडं त्याच दांडीला असतं, ते फार कलंडणार नाही एवढं जपा.

यातलं आपलं दुखणं कोणतं, हे घरच्या अंगणात कळतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी ती धरायला सांगा. लांबच्या प्रवासात जिथं बसता तिथंच बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, डोळे मिटा. खांदे सैल सोडून, कोपरात थोडा बाक ठेवून हात समोर उचला आणि जिथं आपोआप थांबतील तिथं थांबवा. आता डोळे उघडा. मुठी ग्रिपच्या वर तरंगत असतील तर हँडल खाली आहे. उंचीला बरोबर, पण ग्रिपच्या अलीकडे थांबल्या असतील तर ते लांब आहे. दोन्ही असू शकतं. मग किती वर आणि किती अलीकडे, हे बाजूच्या माणसाला फुटपट्टीनं मोजायला सांगा. हे दोन आकडे हातात असल्याशिवाय दुकानात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता यातली खरी गंमत. गाडीचे पुढचे शॉकअप उभे नसतात, मागे कललेले असतात, बऱ्याच गाड्यांत साधारण 25 अंशांच्या आसपास. रायझर त्याच रेषेत बसला तर हँडल सरळ वर जात नाही, वर आणि मागे जातं. 25 अंशांचा कल धरला तर 30 मिलिमीटरचा रायझर हँडल सुमारे 27 मिलिमीटर वर आणि 13 मिलिमीटर मागे नेतो. "रायझर टाकला आणि खांदा थांबला" असं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांना आराम पडतो तो या 13 मिलिमीटरमुळे. उंचीचा त्यात फारसा वाटा नसतो, आणि इथूनच गैरसमज पसरतो. जवळ घेण्यासाठी मागे सरकवणारे वेगळे रायझर मिळतात. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगून मागा.

त्याआधी फुकटातला उपाय करून बघा. स्प्लेंडर, शाईन, बुलेट अशा एकाच पाइपच्या हँडलच्या गाड्यांत क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल जागेवरच थोडं फिरवता येतं. फिरवण्याआधी क्लॅम्पलगत पाइपवर मार्करनं बारीक रेघ मारा, म्हणजे मूळ जागेवर परतता येतं. हँडल आपल्याकडे फिरवलं की ग्रिप जवळ येतात, पण थोड्या खालीही उतरतात. पुढे ढकललं की वर जातात आणि लांबही होतात. म्हणजे ज्याचं हँडल नुसतं लांब आहे त्याला हा उपाय चालतो. ज्याचं खाली आहे त्यानं ते आपल्याकडे फिरवलं तर तळव्यांवरचा भार वाढेल. एकदम फार फिरवू नका, रेघेच्या जाडीएवढं फिरवून पन्नास किलोमीटर चालवा. दांड्या पुन्हा जुळवाव्या लागतातच.

यामाहा आर 15 सारख्या क्लिप-ऑन हँडलच्या गाडीत हे चालत नाही, कारण तिथं दोन वेगळे दांडे थेट शॉकअपच्या नळ्यांना धरलेले असतात. साधा रायझर तिथं बसतच नाही.

उंचीच्या मागे लागणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पाचोड सोडून शहागड, गेवराईकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग 52 मोकळ्या रानातून जातो. वैशाखातलं वारं सुटलेलं असलं आणि गाडी ऐंशीला असली की ताठ बसलेल्या माणसाची छाती शिडासारखी वारा धरते. मग अंग मागे जाऊ नये म्हणून मुठी आवळल्या जातात, आणि गेलेलं खांद्याचं दुखणं दुसऱ्या वाटेनं परत येतं. शिवाय पाठ अगदी ताठ असली की खड्ड्याचा धक्का सीटवरून सरळ मणक्यात चढतो. थोडं पुढे झुकलेलं अंग लांबच्या रस्त्याला बरं. गावातल्या गावात चाळीसनं फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

डबलसीट जाणाऱ्यांनी चाचणी डबलसीटच करावी. मागच्या वजनानं गाडीची मागची बाजू बसते, हँडल तुलनेनं वर आल्यासारखं वाटतं, आणि मागचं माणूस ब्रेकगणिक आपल्याला पुढे ढकलतं. मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन घरं कडक केली तर निम्मी तक्रार तिथंच मिटते.

काहीही बदललं तरी रस्त्यावर जायच्या आधी गाडी न्यूट्रलला सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर रेसची वायर ताणली जातेय, आणि ती गाडी तशीच चालवणं धोक्याचं आहे. क्लचची वायर, डिस्क ब्रेकचा पाइप, स्विचच्या वायरी कुठं ओढल्या जात नाहीत ना, आणि पूर्ण वळणावर ग्रिप किंवा दांडी टाकीला लागत नाही ना, तेही बघा. पाइप ताणला जात असेल तर लांब पाइप घ्या, नाहीतर कमी उंचीचा रायझर घ्या. क्लॅम्पचे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनंच, म्हणजे तिथं सांगितलेल्या जोरानंच, आवळून घ्या, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून तपासा.